रुंद कयाक उलटत नाही, असं कोण म्हणतं?

"मासेमारीची कयाक चांगली रुंद असते, त्यामुळे ती उलटत नाही. मग तीच घेऊन कोलाडला रॅपिडमध्येही उतरता येईल." गेल्या दोन-तीन वर्षांत हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते कानावर पडलं की काळजीच वाटते. बोलणारी माणसं बेफिकीर नसतात. पन्नास-साठ हजार खर्चून होडी घ्यायची तर तिने दोन्ही कामं करावीत, ही अपेक्षा रास्तच आहे. चूक आहे ती 'उलटत नाही' या शब्दांत.

या गैरसमजाला कुंडलिका नदीनेही हातभार लावलाय. मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं. हे केंद्र १९२७ साली सुरू झालं. वीज तयार करून सुटलेलं तेच पाणी पुढे कोलाडच्या वरच्या टप्प्यात फेसाळतं, आणि तिथले रॅपिड दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे असतात. तीच नदी रोह्यावरून संथ होत रेवदंड्याच्या खाडीत उतरते, आणि तिथे जिताडा, तांबोशीसाठी लोक गळ टाकून बसतात. नदी एक, म्हणून होडीही एक, असा हिशेब मांडला जातो.

आता स्थिरतेचं पाहू. घरातली परात पाण्याच्या टाकीत तरंगत ठेवा. बोटाने दाबलं तरी ती सहज कलत नाही, कारण रुंद, सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाला धरून राहतो. पण पृष्ठभागच तिरका झाला की परातही तितकीच तिरकी होते. आता नारळाची करवंटी सोडा, तळात थोडी वाळू घालून. ती सारखी डुलते, पण लाट खालून गेली तरी तोंड वरच ठेवते. मासेमारीची कयाक म्हणजे ही परात. खाडीच्या सपाट पाण्यावर तिच्यात उभं राहून गळ फेकता येतो. रॅपिडमध्ये पाणी सपाट नसतंच, आणि ती प्रत्येक लाटेच्या उतारावर कलत जाते. त्यात बैठक उंच असते, म्हणजे वजनही वर. रॅपिडची कयाक गोलसर तळाची. पहिल्यांदा बसणाऱ्याला ती डगमगती वाटते आणि तो घाबरतो. वळणावर तिला मुद्दाम कलतं करता येतं, आणि त्या कलत्या अवस्थेतही ती तोल धरून असते.

मागच्या हिवाळ्यात एका मित्राने अशीच रुंद कयाक कोलाडच्या खालच्या, त्यातल्या त्यात सोप्या टप्प्यात आणली. मी काठावर होतो. खडकामागच्या थांबल्या पाण्यातून तो मुख्य धारेत शिरला आणि कयाक आडवी झाली. वरून येणाऱ्या पाण्याने वरच्या अंगाची कड धरली आणि खाली ओढली. त्याला ती उचलायची होती, पण उचलणार कशाने? रॅपिडच्या कयाकमध्ये मांड्या दोन्ही बाजूंना घट्ट टेकलेल्या असतात, गुडघा वर ओढला की होडीची कड वर येते. याच्याकडे नुसती खुर्ची. दोन सेकंदांत तो पाण्यात होता. पण खरी भीती त्यानंतरची. गळाची काठी खोबणीतच राहिली होती, आणि तिची दोरी त्याच्या घोट्याला गुंडाळली गेली होती. कंबरेला सुरी होती म्हणून ती कापता आली.

म्हणून मी आता चिडूनच सांगतो. गळ, काठ्या, मासे शोधणारं यंत्र, नांगर, टांगलेल्या दोऱ्या या मासेमारीसाठी सोयी असतील, पण वाहत्या पाण्यात यातली प्रत्येक वस्तू म्हणजे फास आहे. नांगर तर जोरदार प्रवाहात टाकायचाच नाही. दोर ताणला की कयाक आडवी होते किंवा टोकाने पाण्याखाली ओढली जाते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. संथ खाडीत अंगवळणी पडलेला अंदाज इथे कामाला येत नाही.

मापंही पाहून घ्या. मासेमारीच्या कयाका साधारण दहा ते चौदा फूट लांब, तेहेतीस-छत्तीस इंच रुंद, पायडलसह चाळीस किलोच्या पुढे. रॅपिडच्या आठ-नऊ फुटांच्या, पंचवीस-सत्तावीस इंची, वीस-बावीस किलोच्या, आणि दोन्ही टोकं वर उचललेली. त्यामुळे ती जागच्या जागी वळते आणि संथ पाण्यात सरळ काही जात नाही.

बाकीचे समज थोडक्यात.

"वर बसायच्या (सिट-ऑन-टॉप) कयाकच्या तळाला भोकं असतात, पाणी आत शिरेल." ती आरपार नळ्यांची तोंडं असतात, आतल्या पोकळीशी त्यांचा संबंध नाही. पाणी शिरतं ते नीट न लागलेल्या झाकणातून.

"कंबरेभोवती बसायची जागा झाकणारा स्कर्ट लावला की माणूस आत अडकतो." पुढची पट्टी ओढली की तो सुटतो. मात्र ती ओढण्याचा सराव आधी संथ पाण्यात झालेला हवा.

"फुगवायची कयाक म्हणजे खेळणं." कोलाडला ज्या राफ्टमधून लोक उतरतात, त्याही फुगवलेल्याच असतात.

"दोरी ओढली की फुगणारं जॅकेट पुरे." रॅपिडसाठी नाही. अमेरिकेचं तटरक्षक दल असं जॅकेट तिथे वापरू नका असंच सांगतं. साधं फोमचं घ्या.

"पडलो तर उभं राहायचं." वाहत्या पाण्यात कधीच नाही. पाय खडकांच्या फटीत अडकला की पाणी माणसाला पालथं पाडतं. 'अमेरिकन व्हाइटवॉटर' या संस्थेच्या सुरक्षा नियमांत हा इशारा आहे.

मग दोन्ही जमणारी कयाक नसतेच का? मधल्या मार्गाच्या आहेत. डॅगरची कटाना किंवा लिक्विडलॉजिकची रीमिक्स एक्सपी यांच्या मागच्या बाजूला खाली सोडायची पाती असते. पाती खाली, तर संथ पाण्यात सरळ. पाती वर, तर रॅपिडमध्ये वळती. पण बसायचं आत, खाली, पाय लांब करून. उभं राहून गळ फेकणं विसरा. नदीतल्या मासेमारीसाठी जॅक्सनची कूसा आहे, अमेरिकेतल्या कूसा नदीवरून नाव मिळालेली, टोकं जरा उचललेली. माझ्या मते पहिल्या-दुसऱ्या श्रेणीपर्यंत ती ठीक. तिसरा पर्याय तळातून पाणी आपोआप बाहेर टाकणारी फुगवायची कयाक. ती गाडीच्या डिकीत मावते, खडकावर आपटली तरी उसळते, पण वाऱ्यात भरकटते.

मला विचाराल तर रेवदंड्यासाठी मासेमारीची स्वतःची घ्या, आणि कोलाडसाठी प्रशिक्षकाबरोबर भाड्याची. रॅपिडमध्ये वर्षातून आठ-दहा दिवस जाणार असाल, तर त्यासाठी जिताड्याची बैठक बिघडवायची कशाला?

घेतलेली कयाक पहिल्याच दिवशी काठाजवळ छातीभर पाण्यात नेऊन मुद्दाम उलटवा. काठ्या, खण, सगळं बांधलेल्या अवस्थेत. मग ती सरळ करून परत चढा. मला पहिल्यांदा चार प्रयत्न लागले, आणि तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी हात थरथरायला लागले होते.