पपेटचा कोड खुला होता, मग ‘ओपनवॉक्स’ची गरज का पडली?

मराठी विकिपीडियावरचा एखादा लेख तुम्ही उघडता, तेव्हा तो विकिमीडिया फाउंडेशनच्या सर्व्हरवरून तुमच्यापर्यंत येतो. असे सर्व्हर शेकड्यांनी आहेत. त्यातल्या कोणत्या मशीनवर कोणतं सॉफ्टवेअर हवं, कोणती सेवा सुरू हवी, हे प्रत्येक मशीनवर जाऊन कुणी बघत बसत नाही. ते काम ‘पपेट’ नावाचं ऑटोमेशन टूल करतं.

जगभरात वापरलं जाणारं हे टूल आता दोन वाटांवर आलं आहे. एक वाट कंपनीची, दुसरी समुदायाने काढलेल्या ‘ओपनवॉक्स’ची. दुसरी वाट किती टिकाऊ आहे, हे येत्या वर्षात कळेल.

पपेट नेमकं काय करतं?

ल्यूक केनीज यांनी २००५ मध्ये पपेट सुरू केलं. समजा, एका संस्थेकडे ५०० सर्व्हर आहेत. ‘मशीन कसं असायला हवं’ हे ॲडमिन एकदाच लिहून ठेवतो. प्रत्येक मशीनवरचा ‘एजंट’ साधारण दर ३० मिनिटांनी मुख्य सर्व्हरकडे विचारणा करतो आणि फरक आढळला तर तो दुरुस्त करतो. कुणी हाताने सेटिंग बदललं, तरी ते पुन्हा जागेवर येतं.

यासाठी एजंटला सहसा मशीनवरचे सर्वोच्च अधिकार दिलेले असतात. म्हणूनच त्यात सुरक्षेची त्रुटी राहिली, तर धोका सगळ्याच मशीनना असतो.

वाद कशावरून झाला?

२०२२ मध्ये ‘पर्फोर्स’ कंपनीने पपेट विकत घेतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की यापुढची तयार पॅकेजेस सार्वजनिक न ठेवता खासगी ठिकाणी ठेवली जातील. मोफत डेव्हलपर परवान्याला २५ मशीनची मर्यादा घालण्यात आली.

पपेटचा कोड ‘अपाचे २.०’ या खुल्या परवान्याखाली आहे, म्हणजे तो कुणालाही घेता येतो, बदलता येतो. पण नुसता कोड हाती असून भागत नाही. त्याचं पॅकेज बनवणं, लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर ते तपासणं, त्यावर डिजिटल सही करणं आणि डाउनलोडची सोय करणं, ही रोजची कामं आजवर कंपनी करत होती.

मग समुदायाने काय केलं?

‘व्हॉक्स पुपुली’ हा स्वयंसेवकांचा गट अनेक वर्षं पपेटची मॉड्युल्स सांभाळतो आहे. त्याने जानेवारी २०२५ मध्ये ओपनवॉक्सची पहिली आवृत्ती आणली. ‘पपेट’ हा कंपनीचा ट्रेडमार्क असल्याने नाव बदलावं लागलं. कमांड मात्र जुन्याच आहेत, त्यामुळे आधी लिहिलेला कोड टाकून द्यावा लागत नाही.

येत्या वर्षात कशाकडे लक्ष ठेवायचं?

सुरक्षा: त्रुटी सापडल्यावर दुरुस्तीचं पॅकेज किती लवकर येतं?

सुसंगतता: पपेट आणि ओपनवॉक्स एकमेकांपासून दूर गेले, तर एकच मॉड्युल दोन्हीकडे चालवणं अवघड होईल. मॉड्युल लिहिणाऱ्यांचं काम दुप्पट होईल.

माणसं आणि पैसा: सर्व्हरचा खर्च कोण उचलणार? कोडमधला अवघड भाग समजणारे किती जण टिकणार?

असं आधी झालंय का?

हो. ओरॅकलकडे गेलेल्या ओपनऑफिसमधून २०१० मध्ये लिबरऑफिस वेगळं झालं आणि आजही ते चालू आहे. २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलल्यावर ‘ओपनटोफू’ उभं राहिलं. पण लिबरऑफिससाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झालं, तर ओपनटोफूच्या मागे काही कंपन्या आणि लिनक्स फाउंडेशन होतं. ओपनवॉक्सचा मुख्य भार स्वयंसेवकांवर आहे.

त्यामुळे पपेट वापरणाऱ्या संस्थांना आता दोन गोष्टी ठरवाव्या लागतील. आपली पॅकेजेस यापुढे कुठून येणार, ही पहिली. आणि समुदायाची पॅकेजेस घ्यायची असतील, तर त्या कामात आपला माणूस, वेळ किंवा पैसा किती देणार, ही दुसरी. परवान्यामुळे कोड घेण्याचा हक्क मिळतो, पण पुढच्या दुरुस्त्या कुणीतरी बसून कराव्याच लागतात.