मुलांचा एचआयव्ही, लेखांक ४ : झिम्बाब्वेतील सोबती

झिम्बाब्वेत एचआयव्हीसह वाढलेल्या अनेक मुलांना हा विषाणू जन्मतःच आईकडून मिळाला. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. औषधे नियमित असतील तर ते ५ टक्क्यांखाली येते. पण ही मुले जन्मली तेव्हा औषधे आवाक्याबाहेर होती. एका रुग्णाच्या वर्षाच्या उपचारांना दहा हजार डॉलरहून अधिक लागत. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तिथून किमती उतरत गेल्या. तोवर कितीतरी मुलांचे आईवडील गेले होते आणि आजी किंवा मावशी त्यांना सांभाळत होती.

या घरांत गोळी रोज दिली जाते, आजाराचे नाव मात्र कुणी काढत नाही. नाव काढले तर आई कशाने गेली हेही सांगावे लागते, आणि मूल शेजारीपाजारी बोलून बसेल ही धास्ती असतेच. शाळकरी वयाच्या मुलाला त्याचा आजार सांगावा आणि त्याहून लहान मुलाला समजेल तसे थोडे थोडे सांगत जावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०११ पासूनची शिफारस आहे. मौनाची खरी किंमत पुढे किशोरवयात मोजावी लागते. वसतिगृहात डबी कुठे लपवायची, मैत्रिणीला सांगायचे की नाही, या प्रश्नांपुढे गोळ्या चुकू लागतात, कधी मुद्दाम सोडल्या जातात. रागावून किंवा भीती घालून त्या पुन्हा सुरू होत नाहीत.

हरारेत २००४ मध्ये एका लहानशा आधारगटातून सुरू झालेल्या ‘झ्वांदिरी’ या उपक्रमाने इथेच वेगळी वाट धरली. स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या १८ ते २४ वर्षांच्या तरुणांना प्रशिक्षण देऊन त्याने दवाखान्यांशी जोडले. हे सोबती मुलांच्या घरी जातात, फोनवर चौकशी करतात, गोळ्या का चुकल्या ते ऐकून घेतात. घरात मारहाण, उपासमार किंवा खोल नैराश्य दिसले तर परिचारिकेला वा समाजसेवकाला कळवतात. आजीलाही ते समजावतात. ज्या मुलाने आपल्यासारखे आजारी माणूस केवळ मरताना पाहिले आहे, त्याच्यासमोर नोकरी करणारा, बाळाला वाढवणारा धडधाकट तरुण येऊन बसतो. कोणत्याही पत्रकाने हे साधणार नाही.

याची कसोटीही लागली. बिंदुरा आणि शाम्वा या ग्रामीण जिल्ह्यांतल्या १६ दवाखान्यांत सुमारे ५०० किशोरांवर झालेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास दोन वर्षांनंतर नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जणांचा विषाणू आटोक्यात नव्हता किंवा त्यांचा मृत्यू झाला होता. सोबती मिळालेल्या गटात हे प्रमाण २५ टक्के होते. औषधे दोन्हीकडे उपलब्ध होती.

पंचवीस टक्केही थोडे नव्हेत. दूरचा दवाखाना, रिकामे पोट, सतत बदलणारे पालक यांवर सोबत्याकडे उपाय नसतो. त्यासाठी शाळेची फी, धान्य आणि प्रवासखर्च यांची तजवीज सरकारलाच करावी लागते.