विमान 'एका तासात' पोहोचतं, म्हणजे नेमकं किती वेळात?



'वेळ = अंतर ÷ वेग' हे सूत्र मुलं पटकन पाठ करतात. पण तेच सूत्र विमानाच्या तिकिटाला लावलं की उत्तर जुळत नाही. का, ते आपल्या भागातल्या उदाहरणावरून पाहू या.

२७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतली पहिली विमानं सुरू झाली. त्यात नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. या दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे २४५ किमी. अशा मार्गावरचं पंख्याचं छोटं विमान वर गेल्यावर ताशी सुमारे ५०० किमी वेगाने उडतं. म्हणजे गणिताने अर्धा तास. वेळापत्रकात मात्र जवळपास तास दिसतो.

इथे सूत्र चुकत नाही, आपण धरलेला वेग चुकतो. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पुढच्या विमानतळावर जागेवर थांबलं की संपते. धावपट्टीपर्यंत सावकाश जाणं, वर चढणं, वळसा घेऊन खाली उतरणं, हे सगळं त्यात येतं. अंतर कमी असो की जास्त, हा वेळ फारसा बदलत नाही. म्हणून जवळच्या प्रवासात सरासरी वेग खूप कमी येतो. २४५ किमीला एक तास लागला, तर सरासरी वेग ताशी २४५ किमी!

दुसरी गंमत घड्याळाची. लंडनचा हीथ्रो आणि पॅरिसचा शार्ल द गॉल या विमानतळांत सुमारे ३५० किमी अंतर आहे, म्हणजे लातूर-मुंबई विमानतळांमधल्या सुमारे ३८५ किमीपेक्षा थोडं कमीच. समजा, विमान लंडनहून १० वाजता निघालं आणि १ तास २० मिनिटं लागली. तरी तिकिटावर पोहोचण्याची वेळ १२.२० असेल, कारण पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे आहे. परत येताना १० ला निघालं तर १०.२० लाच लंडन! भारतभर एकच घड्याळ असल्यामुळे आपल्या मुलांना हे चटकन कळत नाही.

तिसरी गोष्ट पालकांच्या कामाची. बारावीनंतर मुलाला मुलाखतीला किंवा प्रवेशासाठी मुंबईला न्यायचंय. समजा, नांदेडहून विमान आहे. मग हिशोब असा मांडा:

• लातूर ते नांदेड, रस्त्याने: ३ तास
• विमानतळावर आधी पोहोचणं: २ तास
• विमान: सव्वा तास
• बाहेर पडून ठिकाणावर जाणं: दीड तास

एकूण पावणेआठ तास! त्यापेक्षा रात्री लातूरहून रेल्वेत बसलं की झोपेत प्रवास होतो आणि सकाळी मुंबई. लंडन-पॅरिसलाही असंच आहे. समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी रेल्वे साधारण सव्वादोन ते अडीच तासांत थेट शहरात सोडते, म्हणून कितीतरी लोक विमान सोडून तीच धरतात.

वर्गात हा उपक्रम घ्या. मुलांना आपल्या गावापासून एखाद्या शहरापर्यंतचा प्रवास एसटी, रेल्वे आणि विमान अशा तीन रकान्यांत लिहू द्या, पण वेळ घराच्या दारापासून मोजायची. भागाकार तर होईलच, पण दहाच्या मुलाखतीला निघायचं कधी, हेही मुलांना स्वतः ठरवता येईल.