गरी टाकावी तिथे पाय टाकू नये

सुटीत समुद्रावर जायचे ठरले, की आमच्या बेळगावच्या घरांतून पहिली चर्चा होते ती गाडीची, दुसरी मुक्कामाची आणि तिसरी, अर्थातच, जेवणाची. सुरमई मिळेल ना, सोलकढी ताजी असेल ना, इथपर्यंत चौकशी होते. ज्याच्याकडे जायचे त्या समुद्राची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. पाहुण्याने घरधन्याला न विचारता थेट माजघरात शिरावे, तसे आपण त्याच्या अंगणात शिरतो.

काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच गेलो होतो. सोबत मुलांच्या मामाने दिलेली मासे धरण्याची कोरी काठी, तिला चकचकीत चक्री, आणि मनात भल्यामोठ्या रावसाचे स्वप्न! भर दुपारी, ओहोटी सरत आलेली असताना, तापलेल्या वाळूत उभे राहून आम्ही तीन तास गळ टाकला. हाती आले ते शेवाळ आणि धाकटीचे रडे. संध्याकाळी, ज्यांच्याकडे उतरलो होतो ते वयस्क गृहस्थ (त्यांचे सारे आयुष्य होडीवर गेलेले) हसून म्हणाले, "भाऊनू, तिथ बघून इलास काय?" त्या एका प्रश्नाने आमच्या पुढच्या सगळ्या सहलींची आखणी बदलून टाकली.

मुक्कामाचे गाव म्हणाल, तर आमची निवड देवबाग. बेळगावहून शिनोळीमार्गे चंदगड तालुका ओलांडून आंबोलीचा घाट उतरावा, सावंतवाडी आणि कुडाळ करीत मालवण गाठावे, आणि तिथून दक्षिणेला तारकर्लीच्या पुढे जावे. हा सारा प्रवास दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. देवबाग ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी. तिच्या एका अंगाला अरबी समुद्र गर्जत असतो, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी निवांत पसरलेली असते, आणि टोकाशी दोघांची गाठ पडते. ज्या कुटुंबात दणकट तरुणापासून आजीपर्यंत सारे आहेत, त्याला याहून सोयीची जागा कोणती? थोरांनी लाटांकडे तोंड करावे, लहानांनी खाडीकडे. जेवायला सगळे एकाच पडवीत.

आता तिथीचे गणित. ते पंचांगाइतकेच जुने आणि बोटांवर मोजण्याइतके सोपे आहे. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळी एकदा आणि रात्री एकदा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणूनच ही पाऊणकी. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, तो स्थानिक माणसाला विचारून घ्यावा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. 'आनंदाला उधाण आले' असे आपण सह्याद्रीच्या अलीकडे बसून सहज लिहितो. पण उधाणाच्या दिवशी पाणी जितके चढते तितकेच मागेही हटते, हे तिथे गेल्यावर कळते.

मासा पाण्याबरोबर चालतो. भरती चढू लागली की वाळूतले किडे, लहान खेकडे, कोलंबी उघडी पडतात आणि त्यांच्या मागोमाग तो काठाकडे येतो. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास हे गरीचे खरे तास. हे तास उजाडताना किंवा मावळताना आले, तर सोन्याला सुगंध!

आमच्या मुलांना दसऱ्याची सुटी असते. नवरात्रात आमच्या घरी मासळी वर्ज्य, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आजीची एकादशी. तेव्हा एकादशीला प्रवास करायचा आणि द्वादशीपासून कोजागिरीपर्यंत मुक्काम. गंमत अशी, की धर्म आणि भरती यांचे इथे चांगलेच जुळते. द्वादशीची भरती नऊची. सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर उभे राहावे, ऊन चढायच्या आत परतावे.

लाटांतल्या मासेमारीला दहा-बारा फुटांची काठी, शिशाचे वजन, तंगूस आणि आमिषाला कोलंबी, तारलीचे तुकडे किंवा म्हाकूल एवढे पुरे. मात्र काठी उघडण्यापूर्वी उंचवट्यावर उभे राहून दहा मिनिटे नुसते पाणी पाहावे. जिथे लाटा पांढऱ्या होऊन फुटतात, तिथे खाली वाळूचा उथळ बांध असतो. दोन बांधांच्या मधे एखादी जागा अशी दिसते, की तिथे लाट फुटत नाही, पाणी सपाट आणि गडद असते, आणि फेस काठाकडे न येता उलट आत जात असतो. किनाऱ्यावर चढलेले सारे पाणी परत जाते ते या वाटेने. जाताना ते आपल्याबरोबर भक्ष्य नेते, म्हणून मासा त्या वाटेवर टपून बसतो. गरी टाकायची ती तिथेच.

आणि नेमकी हीच जागा नवख्या माणसाला सर्वांत शांत वाटते! लाटा नाहीत, खळबळ नाही. तो पोरांना घेऊन तिथेच पाण्यात उतरतो. आमच्या यजमानांनी ते एका वाक्यात सांगितले, "गरी थंयच टाकूची; पाय मातर थंय घालूचो नाय." कोकणच्या किनाऱ्याबद्दल याहून मोलाचे वाक्य आम्ही ऐकलेले नाही.

हे आम्ही वाचकांना भिववण्यासाठी लिहीत नाही. पण एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर आपल्याच बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले, हे या शहराला विसरता येणार नाही. त्या दिवशी गावातल्या किती घरांत चूल पेटली नसेल! म्हणून एवढे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे: ओढीत सापडल्यास तिच्याशी झुंजू नये, दम जातो. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करावा, आणि काठाला समांतर, आडवे पोहत ओढीबाहेर पडावे. ती वाट फार रुंद नसते. वाचवणाऱ्याने रिकाम्या हाताने उडी घेऊ नये. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा लांब दोरीला बांधून आम्ही नेहमी जवळ ठेवतो. सामानाच्या यादीत तो गळाच्याही आधी येतो.

मुलांची शाळा खाडीच्या काठी. सहा-सात फुटांची हलकी काठी किंवा नुसती हातातली तंगूस, बारीक गळ, त्यावर कोलंबीचा कण. काळुंदर आणि पालू असे गळाला लागतात. नशीब जोरावर असेल तर खडकाच्या कपारीतला गोबरा किंवा तांबोशी ओढ देते. शेवटा मात्र गरीला सहसा भुलत नाही, तो पाग टाकणाऱ्याचा. हे पाग फेकणे नुसते पाहण्यासारखे असते. खांद्यावरचे जाळे हवेत फुलासारखे उमलते आणि पाण्यावर गोल पडते. आमची धाकटी पहिल्या दिवशी दर मिनिटाला गळ वर काढून पाही. तिसऱ्या दिवशी ती अर्धा तास न बोलता बसली. सुटीत मुलांना काय मिळाले, असे कोणी विचारले तर आम्ही हा अर्धा तास दाखवू.

काही पथ्ये सांगितलीच पाहिजेत. शिंगाळ्याचे काटे विषारी. तो टोचल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावी आणि डॉक्टर गाठावा. फुगणारा केंड दिसायला मजेदार, पण त्याचे विष शिजवूनही जात नाही. तो हात न लावता पाण्यात सोडावा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गरी काढण्याआधी नियम विचारावेत. तुटलेली तंगूस वाळूत टाकू नये. याच जिल्ह्यात वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालायला येतात, आणि तो धागा त्यांच्या गळ्याचा फास होतो. पावसाळ्यात हा बेत नकोच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांनाही मासेमारीची बंदी असते. दसऱ्यानंतरही हवामानखात्याचा इशारा पाहून निघावे. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस 'क्यार' वादळात सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर समुद्र चढला होता.

एखादी सकाळ रापणीसाठी राखून ठेवावी. होडीने अर्धगोलात जाळे टाकून यायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, असे हे जुने सामुदायिक काम. मिळेल त्याचे वाटे पडतात. बड्या पर्ससीन नौकांच्या जाळ्यांपुढे रापणकरांच्या वाट्याला उरते काय, हा या किनाऱ्यावरचा जुना तंटा आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी तो मिटलेला नाही. विचारून, परवानगी घेऊन पोरांनी दोराला हात लावावा. तळहात सोलले, की ताटातल्या बांगड्याची किंमत बाजारभावापेक्षा निराळी वाटू लागते.

शेवटचा दिवस कोजागिरीचा. त्या संध्याकाळी ओहोटी खोल जाते. गावातल्या बायकांबरोबर खाडीच्या चिखलवाळूत तिसऱ्या वेचाव्यात. आजीही यात मागे राहत नाही, जरी ती त्या खाणार नसली तरी. मग रात्री पडवीत दूध आटवायला ठेवावे. पौर्णिमेची भरती, आपल्याच पाऊणकीच्या हिशेबाने, सव्वाअकराच्या सुमाराची. चंद्र माथ्याकडे येतो, आणि संध्याकाळी जिथे आपण घोटाभर चिखलात उभे होतो, तिथे खाडी काठोकाठ भरलेली असते. गळ गुंडाळून ठेवलेले असतात. हातात दुधाचा पेला घेऊन यजमान पाण्याकडे बघत असतात, आणि आपणही, न बोलता, त्यांच्याबरोबर बघत राहतो.

पुढच्या वर्षीचा बेत आम्ही तिथेच ठरवतो. तिथ बघून!