टोपीवरचा हत्ती

स्कॉटलंडातील ग्लासगो शहराची म्हणून ओळखली जाणारी एक पायदळ पलटण होती. तिचे नाव हायलँड लाइट इन्फन्ट्री. १९५९ सालापर्यंत तिचे शिपाई टोपीवर जो बिल्ला लावीत, त्यावर एक छोटासा हत्ती असे आणि हत्तीपाशी एक शब्द असे : 'असई'. आता स्कॉटलंडात हत्ती कुठला? आणि असई म्हणजे तर आपल्या जालना जिल्ह्यातले, भोकरदन-जाफराबादकडचे, केळणा व जुई या नद्यांच्या दुआबातले खेडे. ते नाव समुद्रापलीकडच्या टोपीवर कसे गेले, ही गोष्ट ऐकण्याजोगी आहे.

इंग्रजी पायदळाच्या पलटणींना पूर्वी नुसते क्रमांक असत. शिपाई बदलत, मरत, म्हातारे होऊन घरी जात. पलटण मात्र चालू राही. तिची दोन निशाणे असत, एक राजाचे आणि एक पलटणीचे. गावच्या देवळाचा कळस जसा गावाला, तशी ही निशाणे शिपायाला. लढाईत नाव मिळवले, की त्या लढाईचे नाव निशाणावर चढे.

अशीच ७४ क्रमांकाची पलटण १७८७ साली स्कॉटलंडात उभी राहिली, तीच मुळी हिंदुस्थानात लढण्यासाठी. मद्रासेस उतरून ती टिपू सुलतानाविरुद्ध लढली; १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तटावर चढलेल्या सैन्यात ती होती. पुढे १८०३ साली मराठ्यांशी युद्ध पेटले, तेव्हा ती आर्थर वेलस्ली याच्या हाताखाली दख्खनेत आली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

२३ सप्टेंबर १८०३. केळणेच्या पलीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचे अफाट सैन्य पसरलेले. त्यात शिंद्यांचे कवायती कंपू आणि शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीला नदीला उतार सापडेना. वाटाडे म्हणाले, उतार नाही. पण त्याने पाहिले, की नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर गावे आहेत. म्हणजे माणसांची जा-ये असणार, म्हणजे उतारही असणार! खेड्यातला कोणीही माणूस हेच म्हणाला असता. उतार सापडला आणि फौज पार झाली.

पुढे मात्र चूक झाली. असई गावाभोवती तोफा व शिपाई दाटीने बसवलेले होते, म्हणून गावापासून दूर राहण्याचा हुकूम होता. उजव्या बाजूच्या पुढच्या तुकडीचा अधिकारी ऑरॉक हा थेट गावाच्या रोखाने गेला आणि ७४वी पलटण त्याच्या मागोमाग गेली. तोफांचा भडिमार झाला, वर शिंद्यांचे घोडेस्वार तुटून पडले. उरलेल्यांनी चौकोन करून, पडलेल्या सोबत्यांच्या देहांआड उभे राहून तग धरला. घोडदळ मदतीला आले म्हणून ते वाचले. सुमारे पाचशे माणसांपैकी चारशेच्या आसपास शिपाई मेले किंवा जखमी झाले. अधिकारी दहा ठार, सात जखमी. शिधा-सामानाची व्यवस्था पाहणारा क्वार्टरमास्टर जेम्स ग्रँट हा अधिकारी पडताना पाहून स्वतः रांगेत शिरला. तो तेवढा धडधाकट राहिला.

इंग्रजांची फत्ते झाली. गव्हर्नर जनरलने या पलटणीला एक जादा, तिसरे निशाण दिले. पलटणीने हत्ती आणि असईचे नाव जपले ते असे. म्हणजे पाहा, ज्या दिवसाचा अभिमान धरला, तो दिवस एका चुकलेल्या वाटेचा होता.

त्याच पलटणीची दुसरी आठवण १८५२ सालची. बर्कनहेड नावाचे जहाज दक्षिण आफ्रिकेजवळ खडकावर फुटले. त्यावर निरनिराळ्या पलटणींचे शिपाई होते, बरेचसे नवखे पोर. त्यांचा वरिष्ठ होता ७४वीचा अधिकारी सेटन. होड्या थोड्या. शिपायांनी उड्या टाकून होड्या गाठल्या असत्या, तर बायकामुले बुडाली असती. म्हणून ते डेकवर रांगेत उभे राहिले. बायका-मुले सारी वाचली. सेटनसकट बहुतेक शिपाई बुडाले. या शौर्यात कुणाला मारणे नव्हते.

१८८१ साली क्रमांक गेले. ७१वी आणि ७४वी मिळून हायलँड लाइट इन्फन्ट्री झाली. १९५९ मध्ये तीही दुसऱ्या पलटणीत मिसळून रॉयल हायलँड फ्युजिलिअर्स झाली आणि २००६ मध्ये रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडमध्ये सामावली गेली. नावे बदलली, पण असई विसरली गेली नाही.

आता आपल्या बाजूचे बघू. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. संगिनी अंगात घुसेपर्यंत ते तोफेपाशी होते. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडले, शत्रू पुढे सरकताच उठले आणि त्याच तोफांनी त्याच्या पाठीवर मारा केला. इंग्रजांच्या बाजूने लढणारेही पुष्कळसे मद्रासचे शिपाई होते. आपल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरचा हत्ती हा त्याच असईचा. त्या गोलंदाजांना मात्र ना निशाण मिळाले, ना बिल्ला. ज्याची पलटण उरते त्याची आठवण उरते. ज्याची पलटण मोडते त्याची आठवण सांभाळायला दुसरे कोणीतरी लागते.

ते काम शाळेचे आहे. गुरुजी, वर्गात नकाशावर असई दाखवाल तेव्हा जिंकले कोण एवढेच सांगून थांबू नका. तोफेपाशी कोण उभे होते, तेही मुलांना सांगा.