ज्याच्यावाचून शाखेचे अडते

परवा रात्री साडेनऊला पेणकरपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी शेजारची मुलगी भेटली. एका बँकेत अधिकारी आहे. म्हटले, "आज फार उशीर?"

"काका, अजून ट्रेनिंग राहिलंय. मोबाइलवरच येतं. जेवता जेवता 'पुढे, पुढे' करत संपवीन."

"समजतं का त्यातून काही?"

"सर्टिफिकेट मिळतं ना!" ती हसली. मला मात्र आमचे एक जुने हेडक्लार्क आठवले.

प्रशिक्षणाचे महत्त्व बँकांना कळले नव्हते असे नाही. रिझर्व्ह बँकेने १९५४ मध्येच मुंबईत बँकर्स ट्रेनिंग कॉलेज काढले. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच वर्षी मुंबईत राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था सुरू झाली. पुढे बँकांची स्वतःची प्रशिक्षण केंद्रेही झाली. पण तिथे कोणाला पाठवायचे, हे शाखेत ठरे आणि तिथेच घोडे पेंड खाई.

१९९५ च्या सुमारास मी शाखाधिकारी होतो. प्रशिक्षणासाठी नाव कळवा, असे पत्र आले की माझा पहिला प्रश्न, 'कोण गेले तर अडणार नाही?' हेडक्लार्कवाचून तर शाखेचे पान हलत नसे. लेजर जुळेना की सगळे त्यांच्याकडे धावत. फरक ते नेमका बोट ठेवून दाखवीत. कॉम्प्युटरच्या वर्गाला जायची इच्छा त्यांनी दोनदा बोलून दाखवली. "तुम्ही गेलात तर माझं कसं होणार?" म्हणून मी ती हसण्यावारी नेली. त्यांना तो गौरव वाटला, मलाही.

१९९९ मध्ये बदली होऊन पुन्हा त्याच शाखेत आलो, तेव्हा लेजर्सच्या जागी कॉम्प्युटर होते. ज्यांना सारी शाखा विचारी, ते आता कालच्या पोरांना विचारत. मग विचारणेही थांबले. चुका होऊ लागल्या. काउंटरवर गर्दी झाली की ते स्टेशनरीच्या खोलीत जात. त्यांचे कामातले लक्ष उडाले, असा मी समज करून घेतला.

२००१ च्या आगेमागे स्वेच्छानिवृत्ती योजनेत सार्वजनिक बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. त्यांत तेही होते. निरोपाच्या दिवशी म्हणाले, "साहेब, काम जड नव्हतं हो. येत नव्हतं, त्याची लाज जड होती."

पगार, बढती यांचे मोल आहेच. पण काम आपल्याला येते, समोरच्या ग्राहकाला खात्रीने उत्तर देता येते, हे समाधान रोजचे असते. त्याच खात्रीने काम सुधारते. ती यायला कामाच्या वेळातले चार दिवस, चुकण्याची मुभा आणि शेजारी बसून शिकवणारे माणूस लागते.

मुलीला म्हटले, "साहेबांकडे रीतसर वर्गाला पाठवा म्हणून माग. तुझ्यावाचून अडेल म्हणाले, तर कौतुकाला भुलू नकोस."

"काका, शाखेत माणसंच कुठे आहेत?" ती म्हणाली.

वाक्य ओळखीचे होते. तीस वर्षांपूर्वी मीच ते म्हणत असे.