ठिकाण चुकते ते वेळेमुळे (लेखांक ५)

फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश कुठे लिहिले जातात ते मागच्या आठवड्यात पाहिले. ते कितपत खरे मानायचे, हा आजचा प्रश्न. नकाशावर फोटो भलतीकडे दिसला की आपण उपग्रहांना दोष देतो. माझे मत असे की चूक बहुतेक वेळा वेळेची असते, आणि ती आपल्याला टाळता येते. मुळात जीपीएस वेळच मोजते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून निघालेला संदेश फोनपर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढले जाते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने बिघडते. फोनचे घड्याळ इतके नेमके नसते, म्हणूनच तीन उपग्रहांवर न भागता चौथाही लागतो.

महाराष्ट्रात २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी घ्या. शेतकरी स्वतः पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह नोंदवतो आणि ती नोंद सातबाऱ्यावर जाते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब-रुंद तुकडा, बाजू जेमतेम दहा मीटर. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या घेऱ्यात ठिकाण देतो, म्हणजे शेताच्या मध्यावर उभे राहिल्यास काम भागते. पण हे आकडे फोन स्थिरावल्यानंतरचे. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती फार संथपणे पाठवतो. ती पूर्ण यायला सुमारे अर्धा मिनिट लागतो आणि मध्येच झाड आड आले तर आणखी वेळ जातो. रेंज असेल तर हीच माहिती इंटरनेटवरून चटकन मिळते. डोंगराआडच्या शिवारात ती सोय नसते, आणि कॅमेरा तर थांबत नाही. हाताशी असेल ते, अगदी मघाशी घराजवळ नोंदलेले ठिकाणही, तो फोटोला चिकटवून मोकळा होतो. म्हणून आधी नकाशा उघडावा, आपल्या ठिकाणाभोवतीचा निळा घेरा लहान होईपर्यंत थांबावे आणि मगच फोटो काढावा.

स्वतंत्र कॅमेरा वापरणाऱ्यांची अडचण वेगळी दिसली तरी मूळ तेच. वाटेची नोंद फोन करतो, फोटो कॅमेरा काढतो आणि नंतर दोन्हींच्या वेळा जुळवून ठिकाण ठरते. कॅमेऱ्याचे घड्याळ एक मिनिट मागे असेल, तर चालणाऱ्याचा फोटो साठ-सत्तर मीटर सरकतो. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतून काढलेला पूर्ण एक किलोमीटर. वाटेच्या नोंदीत बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. तो अर्धा तास सेटिंगमध्ये सुटला, तर सबंध सहलीचे फोटो चुकीच्या जागी जाऊन बसतात.

यावर कोणी म्हणेल, नव्या फोनमध्ये दोन वारंवारिता असतात, मग थांबायचे कशाला? २०१८ पासून असे फोन बाजारात आहेत आणि कड्यांवरून, इमारतींवरून परावर्तित होऊन आलेले संदेश ओळखण्यात ते नक्कीच सरस आहेत. तेवढ्यापुरता आक्षेप मान्य करायला हवा, कारण कातळकड्याच्या पायथ्याशी कितीही थांबले तरी साधा फोन फसू शकतो. तिथे थोडे मोकळ्यावर सरकणे हाच उपाय. पण कॅमेऱ्याने जुने ठिकाण उचलले, तर दुसरी वारंवारिता असून उपयोग नाही. दुसरा आक्षेप असा की दहा-वीस मीटरने काय बिघडते? लग्नाच्या फोटोत काहीच नाही. पिकाच्या नोंदीत मात्र बांध ओलांडला जातो, आणि दुर्मीळ वनस्पतीच्या नोंदीत पुढच्या पावसाळ्यात शोधायला येणारा अभ्यासक भलतीच जागा धुंडाळतो. त्यातच अक्षांशाचे सहा दशांश आकडे पाहून नेमकेपणाचा भास होतो. सहावा आकडा सुमारे ११ सेंटिमीटर दाखवतो, आणि तेवढे फोनला कळलेलेच नसते. ठिकाणासोबत त्याच्या संभाव्य चुकीचा आकडाही लिहायला फोटोच्या फाइलमध्ये जागा असते. काही फोन ती भरतात, काही रिकामी सोडतात. ज्या नोंदीवर कुणाचा हक्क किंवा अभ्यास अवलंबून आहे, तिथे हा आकडा तपासल्याशिवाय ठिकाण ग्राह्य धरू नये.

कॅमेरा असलेल्या वाचकांनी पुढच्या सहलीला निघताना फोनवरचे सेकंदकाट्याचे घड्याळ उघडून त्याचाच पहिला फोटो काढावा. कॅमेऱ्याची वेळ किती चुकते आहे, ते त्या एका फोटोवरून कळेल आणि घरी आल्यावर तेवढा फरक सगळ्या फोटोंना लावता येईल.